हाताला गार लागणारी उकळी

जाईची मूठभर फुलं उकळत्या पाण्यात टाकून पाहा. थोड्याच वेळात तिचा तो सुवास हरवतो आणि उरतो शिजलेल्या पाल्याचा वास. गुलाब वाफेत टिकतो, वाळा टिकतो, चंदन तर तासन् तास तग धरतं. जाईला मात्र उष्णता सोसत नाही. मग अत्तरांच्या जगात जाईचा जो अस्सल अर्क वापरला जातो, तो काढतात कसा?

फ्रान्समधल्या ग्रास या गावानं यासाठी एक वाट रुळवली आणि आज तामिळनाडू व इजिप्तमधले कारखानेही त्याच वाटेनं जातात. पहाटे खुडलेली फुलं हेक्झेन नावाच्या द्रावकात भिजवायची. हेक्झेन म्हणजे खनिज तेलापासून मिळणारा, पाण्यापेक्षा पातळ, रंगहीन द्रव. फुलातला सुवास आणि त्यासोबतचं मेण तो आपल्यात विरघळवून घेतो, तेही शेगडी न पेटवता. फुलं गाळून काढली की हातात येतो हेक्झेनचा भलामोठा साठा आणि त्यात विरघळलेली चिमूटभर जाई.

चिमूटभर म्हणजे किती? एका किलोत जाईची साधारण 8,000 फुलं बसतात. अशी सुमारे 350 ते 400 किलो फुलं वापरली की मेणासारखा एक किलो घट्ट अर्क मिळतो. अत्तरवाले त्याला ‘काँक्रीट’ म्हणतात. त्यातलं मेण काढल्यावर उरतो जेमतेम निम्मा. म्हणजे एक किलो शुद्ध अर्कामागे 50 लाखांहून अधिक फुलं, आणि प्रत्येक फूल माणसाच्या बोटांनी खुडलेलं!

आता खरा पेच. हे सगळं हेक्झेन घालवायचं, पण जाईला धक्का लावायचा नाही. हेक्झेन 69 अंश सेल्सिअसला उकळतं. ऐकायला हे तापमान फार वाटत नाही. पण एवढा साठा आटवायला तास लागतात, आणि द्रावक कमी होत जातं तसं उरलेलं हेक्झेन मेणात अडकून बसतं. त्याला हुसकायचं तर आणखी तापवावं लागतं. ज्या उष्णतेपासून फुलं वाचवली, तिच्याच तोंडी अर्क द्यायचा का?

इथे जरा थांबून एक अगदी साधा प्रश्न विचारू या. उकळणं म्हणजे नेमकं काय?

द्रवातले रेणू सतत धडपडत असतात, बाहेर निसटू पाहतात. त्यांच्या या रेट्याला बाष्पदाब म्हणतात. वरून हवा त्यांना दाबून धरते, आणि हा दाब काही थोडाथोडका नाही. तुमच्या तळहातावर या क्षणी जवळजवळ 100 किलो वजनाइतका हवेचा भार आहे. खालूनही तितकाच रेटा असल्यामुळे तो जाणवत नाही, इतकंच. द्रव तापला की रेणूंचा जोर वाढतो. ज्या तापमानाला हा जोर हवेच्या दाबाची बरोबरी करतो, तिथे द्रवाच्या पोटात बुडबुडे तग धरू लागतात. हीच उकळी.

म्हणजे पाणी 100 अंशांना उकळतं हे शाळेतलं वाक्य अर्धंच आहे! तो आकडा पाण्यानं एकट्यानं ठरवलेला नाही. समुद्रसपाटीवरच्या हवेचाही त्यात वाटा आहे. महाबळेश्वरला पाणी 95-96 अंशांनाच उकळतं, एव्हरेस्टच्या माथ्यावर सत्तरीच्या आसपास. आपल्या स्वयंपाकघरातला कुकर याच्या नेमकं उलट करतो. वाफ कोंडून दाब वाढवतो, त्यामुळे आतलं पाणी 120 अंशांच्या जवळ पोचतं आणि डाळ झटपट शिजते. मग दाब वाढवण्याऐवजी काढूनच घेतला तर?

रॉबर्ट बॉइल यांनी तेच केलं. रॉबर्ट हूक यांनी बांधून दिलेल्या पंपानं त्यांनी काचेच्या भांड्यातली हवा उपसली, आणि आतलं कोमट पाणी खदखदू लागलं. 1660 मध्ये छापलेल्या त्यांच्या पुस्तकात हा प्रयोग आहे. जाळ नाही, निखारा नाही आणि पाण्याला उकळी! तेव्हा ते पाहणाऱ्यांना काय वाटलं असेल?

हेक्झेनच्या बाबतीत तर हे फारच सोपं. खोलीच्या तापमानाला, म्हणजे 20 अंशांना, हवेचा दाब सहाव्या हिश्शावर आणला की ते आपसूक उकळतं. साधा निर्वात पंपही याच्या कितीतरी खाली जाऊ शकतो. प्रयोगशाळेत यासाठी एक देखणं यंत्र असतं, रोटरी इव्हॅपोरेटर. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायमन क्रेग यांनी 1950 मध्ये त्याची रचना मांडली. गोल चंबू कोमट पाण्यात तिरका फिरत राहतो, द्रावण त्याच्या आतल्या काचेवर पातळ पसरतं आणि पृष्ठभाग वाढल्यानं वाफ भराभर सुटते. शेजारच्या थंड नळीवर तिचा पुन्हा द्रव होतो आणि थेंब थेंब दुसऱ्या चंबूत जमतो. कारखान्यात हेच मोठ्या टाक्यांत चालतं.

मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट पुढची आहे. द्रवाची वाफ व्हायला ऊर्जा लागते. बाहेरून ती पुरेशी मिळाली नाही, तर पळणारे रेणू ती मागे राहिलेल्या द्रवाकडूनच घेतात. म्हणून निर्वातात उकळणारा द्रव गार पडत जातो! स्कॉटलंडच्या विल्यम कलन यांनी असंच ईथर निर्वातात उडवलं आणि शेजारच्या पाण्याचा बर्फ झाला. त्यांचा तो निबंध 1756 मध्ये प्रसिद्ध झाला. जाईच्या अर्काला याहून चांगलं संरक्षण कोणतं? उकळीच त्याला थंड ठेवते. इतकी, की काम मंदावू नये म्हणून बाहेरून कोमट पाणी पुरवावं लागतं.

पण हेक्झेन जातं तशी जाईही का जात नाही? कारण तिचे रेणू जड आहेत आणि एकमेकांना घट्ट धरून आहेत. जाईच्या सुवासातला मोठा वाटेकरी, बेन्झिल ॲसिटेट, साध्या हवेत 213 अंशांना उकळतो. इंडोल 254 अंशांना. खोलीच्या तापमानाला बेन्झिल ॲसिटेटच्या तुलनेत हेक्झेनचा बाष्पदाब शेकडो पटींनी जास्त असतो. ‘शेकडो पट’ म्हणजे मात्र अमर्याद नव्हे. पंप फार खोलवर ओढत राहिला, तर सुवासही हळूहळू निघून जातो. कुठे थांबायचं हे कळणं, हेच या कामातलं खरं कसब.

शेवटचा अंश तर फारच चिवट. कॅनडा, कोलोरॅडो किंवा कॅलिफोर्नियातल्या परवानाधारक प्रयोगशाळा गांजाच्या झाडातली राळ ब्युटेननं काढतात, तेव्हा हे ठळकपणे दिसतं. ब्युटेन शून्याच्या किंचित खालीच उकळतं, म्हणजे ते खोलीत ठेवताक्षणी उडून जायला हवं. तरीही ते दाट राळेत अडकून राहतं, कारण प्रत्येक रेणूला त्या चिकट गर्दीतून वाट काढत पृष्ठभागापर्यंत यावं लागतं. म्हणून राळ पातळ पसरून, किंचित उबदार ठेवून, निर्वात कक्षात सरकवतात. दाब घटला की आतला इवलासा बुडबुडाही कितीतरी पटींनी फुगतो, पापुद्रा वर उचलला जातो, फुटतो, पुन्हा फुगतो. जास्त तापवलं तर राळेतली सुगंधी टर्पीनंही त्याच वाटेनं निघतात. पेच तोच, जाईचाच.

जाईचं काँक्रीट यानंतर अल्कोहोलमध्ये विरघळवून थंड करतात. मेण गोठतं, ते गाळून काढतात. आता अल्कोहोल घालवायचं, म्हणजे पुन्हा पंप सुरू. या वेळी दाब आणखी खाली न्यावा लागतो, कारण 20 अंशांना अल्कोहोल उकळायला हवेचा दाब सुमारे सतराव्या हिश्शावर यावा लागतो. उरतो तो लालसर तपकिरी, दाट ‘ॲबसोल्यूट’. त्यात द्रावकाचा किती अंश राहिला हे गॅस क्रोमॅटोग्राफ दशलक्ष भागांमागे मोजतो. आणि थंड नळीवर जमलेलं ते सगळं हेक्झेन? ते पुन्हा टाकीत भरतात, पुढच्या पहाटेच्या फुलांसाठी.