आठवीचा दाखला हातात पडला, पुढे काय?

होळी झाली, रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी रंगाने भरून निघाल्या, की द्वारका परिसरातल्या शाळांना परीक्षेचे वेध लागतात. काठे गल्ली असो, वडाळा नाका असो की भद्रकाली. सकाळच्या शाळेची घंटा लवकर होते, उन्हे तापायच्या आत मुले घरी येतात आणि दप्तरातून एकेक सूचना बाहेर पडू लागते. स्नेहसंमेलनाची वर्गणी, पालक सभा, परीक्षेचे वेळापत्रक. आपल्यापैकी बरेच जण या चिठ्ठ्या वाचून बाजूला ठेवतात. यंदा तसे करू नका. विशेषतः घरात सातवी-आठवीतले मूल असेल तर मुळीच नको.

या दिवसांत शाळेत कार्यक्रमांची रेलचेल असते. २७ फेब्रुवारीला नाशिककर कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून होतो. दुसऱ्याच दिवशी विज्ञान दिन. ८ मार्चला महिला दिन, १० मार्चला सावित्रीबाईंचा स्मृतिदिन, ११ एप्रिलला जोतिरावांची आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती. आपल्या नाशिकला आणखी एक तारीख लाभली आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ते मंदिर द्वारकेपासून फार लांब नाही, गोदावरी ओलांडली की पंचवटी. इतिहासाच्या पुस्तकातला धडा जिथे घडला ती जागा मुलांना शिक्षकांबरोबर पायी हिंडून पाहता येईल, असे भाग्य किती गावांना आहे? पालक सभेत ही मागणी जरूर करा.

परंतु हार-तुरे आणि भाषणे संपली की खरा प्रश्न उरतो. आठवी झालेले मूल जूनमध्ये कोणत्या शाळेत जाणार?

आठवीला कायद्याचे बोट सुटते

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला त्याने हक्क दिला. घराजवळ शाळा हवी, म्हणजे पाचवीपर्यंत एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत, असे आपल्या राज्याच्या नियमात आहे. पण हा सारा आधार आठवीपर्यंतच. नववीचे मूल या कायद्याच्या छत्रीबाहेर जाते.

महानगरपालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीला संपतात. पालिकेच्या माध्यमिक शाळा मोजक्या आहेत. म्हणजे शाळा बदलणे आलेच. खाजगी शाळेत पंचवीस टक्के राखीव जागेवर शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनीही सावध असावे. ती सवलतही आठवीलाच थांबते आणि नववीची फी समोर उभी राहते. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आताच अनुदानित शाळा पाहून ठेवावी. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे, हे शेजारणीलाही सांगा.

आणखी एक बदल ध्यानात ठेवावा. पूर्वी आठवीपर्यंत कोणाला नापास करत नसत. महाराष्ट्राने २०२३ मध्ये हा नियम बदलला. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात मूल अनुत्तीर्ण झाले तर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा होते आणि त्यातही राहिले तर त्याच वर्गात बसावे लागते. निकाल बहुधा १ मे रोजी मिळतो. त्याच संध्याकाळी गावची एस.टी. धरणारी कुटुंबे आपल्याकडे खूप. मूल मामाच्या गावाला आणि फेरपरीक्षा नाशकात, असे झाले तर एक वर्ष हकनाक जाईल. म्हणून निकाल घेतानाच फेरपरीक्षेची तारीख विचारावी आणि मगच पिशव्या भराव्यात. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात असू द्या : नापास झाले म्हणून आठवी पूर्ण होण्याआधी कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही.

दाखल्यावरची एक ओळ

शाळा सोडल्याचा दाखला हा आयुष्यभर पुरणारा कागद आहे. तो घेण्याआधी शाळेच्या रजिस्टरमधली नोंद स्वतः पाहावी. नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, आणि धर्म व जातीचा रकाना. आधार कार्डावर एक नाव आणि शाळेत दुसरे, हा घोळ पुढे शिष्यवृत्तीच्या वेळी नडतो.

आपल्या समाजात धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिले जाते, ते अभिमानाने लिहावे. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. पण त्यासाठी पूर्वीच्या जातीचा पुरावा कुठेतरी दिसावा लागतो. आजोबांचा, चुलत्यांचा जुना दाखला असेल तर तो जपून ठेवा. जातीच्या प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, हे अनेकांना ऐन वेळी कळते. मूल शाळेत असेपर्यंत नोंदीतली चूक दुरुस्त करणे सोपे. शाळा सुटली की तीच दुरुस्ती करायला उंबरठे झिजवावे लागतात.

बारा हजार रुपये कशाचे?

आठवीतल्या मुलांसाठी केंद्र सरकारची एक परीक्षा आहे. शाळेत तिला ‘एनएमएमएस’ म्हणतात. शासकीय, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतली मुले तिला बसू शकतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. निवड झालेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत महिन्याला एक हजार, म्हणजे वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. चार वर्षांचे अठ्ठेचाळीस हजार झाले. वह्या-पुस्तके, गणवेश, बसचा पास यांत तो पैसा मोलाचा आहे.

परीक्षा हिवाळ्यात होते. यंदाच्या आठवीच्या मुलांनी ती दिली असेल तर निकाल शाळेत विचारावा. निवड झाली असूनही बँकेचे खाते आधारला जोडलेले नाही किंवा नववीत गेल्यावर अर्ज भरलाच नाही, म्हणून पैसे अडकू शकतात. सातवीतल्या मुलांनी मात्र आतापासून अभ्यासाला लागावे. या परीक्षेला बसायला सातवीत पंचावन्न टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना त्यात पाच टक्के सूट आहे. म्हणजे यंदाची सातवीची वार्षिक परीक्षाच पुढच्या वर्षीच्या शिष्यवृत्तीचे दार आहे. राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षाही वेगळी असते. तिच्या इयत्ता मधल्या काळात बदलल्या आहेत, तेव्हा आपल्या मुलाला कोणत्या वर्षी बसता येईल हे मुख्याध्यापकांनाच विचारावे.

रस्ता ओलांडायचा आहे

द्वारकेचा चौक कोणाला ठाऊक नाही? मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता इथे भेटतात. वर उड्डाणपूल, खाली ट्रक, रिक्षा, बस आणि त्यातून वाट काढणारी माणसे. आठवीपर्यंत गल्लीतल्या शाळेत जाणाऱ्या मुलीला नववीसाठी हा चौक ओलांडायचा असतो. मग घरात बोलणी सुरू होतात. ‘एवढ्या गर्दीतून एकटी कशी जाईल? धाकट्याला कोण सांभाळील? राहू दे वर्षभर घरी.’ वर्षभर घरी राहिलेली मुलगी पुन्हा शाळेत जाईलच याची खात्री कोण देणार? द्राक्षांचा आणि उन्हाळ कांद्याचा हंगामही याच दिवसांत असतो. आई-बाप कामाला गेले की घरचे सारे तिच्याच अंगावर पडते.

माता-भगिनींनो, अडचण खरी आहे, पण तिला उपाय आहेत. एका वस्तीतल्या चार-पाच मुलींचे नाव एकाच शाळेत घाला. त्या मिळून जातील, मिळून येतील. सिटीलिंक बसचा विद्यार्थ्यांसाठी सवलतीचा पास मिळतो. लांबच्या गावातल्या नातलगांच्या मुलींसाठी समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत. त्यांचे अर्ज सुट्टीच्या दिवसांतच चौकशी करून भरावे लागतात.

अंतरावर वसतिगृहाचा उतारा आपल्या नाशकात जुनाच आहे. दादासाहेब गायकवाडांच्या चळवळीत घडलेल्या शांताबाई दाणी पुढे विधान परिषदेच्या सदस्य झाल्या, पण नाशिक त्यांना ओळखते ते मुलींच्या शिक्षणासाठी. माता रमाबाईंच्या नावाने त्यांनी मुलींचे वसतिगृह चालवले, तक्षशिला विद्यालय उभे केले. ‘रात्रंदिन आम्हा’ हे त्यांचे आत्मकथन घरातल्या आठवीच्या मुलीला सुट्टीत वाचायला द्या. शिकण्यासाठी एका मुलीला काय काय सोसावे लागले, ते तिला कळेल.

जयंतीच्या मांडवात एवढे करा

जयंतीच्या दिवसांत मुलांच्या परीक्षा असतात. संध्याकाळी सात ते दहा ध्वनिक्षेपक बंद ठेवला तर अभ्यासाला शांतता मिळेल. मंडळाने एक वही घालावी. वस्तीतल्या आठवीच्या प्रत्येक मुला-मुलीचे नाव तीत लिहावे आणि पुढे नववीची शाळा. ज्या नावापुढची जागा कोरी राहील, त्या घरी मे महिन्यात दोन माणसांनी जाऊन यावे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर तीच वही पुन्हा काढावी.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या, असे कायदाच सांगतो. तिथे जाऊन बसा, बोला, विचारा. आणि १ मे रोजी निकालाला मुलाला एकटे पाठवू नका. आई-वडिलांपैकी एकाने तरी सोबत जावे, वर्गशिक्षकांना नमस्कार करावा आणि विचारावे, ‘गुरुजी, आता पुढच्या शाळेत नाव कधी घालायचे?’