ओव्हन घेताय? आधी मीटर बघा!

रील्समध्ये तुम्ही बघितलंच असेल. पांढरंशुभ्र किचन, ओट्यावर काळी चकचकीत काच, काचेवर चार गोल आणि खाली ओव्हनचं दार. ना लायटर, ना सिलिंडर, ना पाईप. बटण फिरवलं की वर भाजी, खाली केक. आपल्या वसईत दर दोन घरांआड कुणीतरी कॅनडात नाहीतर आखातात असतंच, त्यामुळे 'इलेक्ट्रिक रेंज' हा प्रकार व्हिडिओ कॉलवर आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. प्रश्न एवढाच, की हे प्रकरण आपल्या नालासोपाऱ्यातल्या वन-बीएचकेत चालेल का?

जसंच्या तसं? नाही. तुकड्यातुकड्यांनी? अगदी मस्त चालेल. पण त्यासाठी शोरूममध्ये जाण्याआधी एक काम करायचं. महावितरणचं बिल काढायचं आणि त्यावर 'मंजूर भार' कुठे लिहिलाय ते शोधायचं. आमच्या बिलावर २ किलोवॅट आहे. आता गंमत बघा. चार शेगड्या आणि ओव्हन असलेली पूर्ण रेंज एकाच वेळी चालू केली, तर ती ८ ते १० किलोवॅट सहज मागते. अमेरिकेत तिच्यासाठी भिंतीत २४० व्होल्टचं वेगळं, भलंमोठं सॉकेट असतं, ४० किंवा ५० अँपिअरचं. आपल्याकडे किचनमधल्या मोठ्या पॉवर पॉइंटवर १६ अँपिअर असतात, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. आणि मोबाईल चार्जर लावतो त्या छोट्या सॉकेटवर फक्त ६ अँपिअर, म्हणजे १३००-१४०० वॅट. तिकडे काकू एका बटणावर जे करतात, त्यासाठी इकडे नवी वायर, वाढीव भार आणि कदाचित थ्री-फेज मीटर लागेल. भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाचा चेहरा डोळ्यांसमोर आणा आणि पुढे वाचा.

आपल्याकडे हीच रेंज दोन भागांत मिळते. वरच्या शेगडीच्या जागी इंडक्शन, खालच्या ओव्हनच्या जागी ओटीजी. इंडक्शन १६०० ते २००० वॅटचं, तीस-चाळीस लिटरचा ओटीजी १५०० ते २००० वॅटचा. दोन्ही एकेकटे १६ अँपिअरच्या पॉइंटवर आरामात चालतात. एकाच पॉइंटवर एक्स्टेंशन बोर्ड लावून दोन्ही, त्यात मिक्सर आणि फ्रिज... तर तो बोर्ड काळा पडून जळका वास येईपर्यंत वाट बघू नका. जुन्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर वायरमनला दोनच गोष्टी विचारा: पॉवर पॉइंटला अडीच स्क्वेअर एमएमची वायर आहे का, आणि अर्थिंग खरंच आहे की तिसरं भोक नुसतं शोभेला आहे. ओव्हनची बॉडी पत्र्याची असते आणि तिला हात लावणार आहात तुम्ही.

सरकारलाही आपण विजेवर स्वयंपाक करावा असं वाटतंय, बरं का. फेब्रुवारी २०२१ मध्ये नितीन गडकरींच्या हस्ते 'गो इलेक्ट्रिक' मोहीम सुरू झाली, तेव्हा गाड्यांबरोबर विजेवरच्या स्वयंपाकाचंही नाव घेतलं गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ईईएसएल या सरकारी कंपनीने देशभरात २० लाख इंडक्शन शेगड्या पोचवण्याचा कार्यक्रम जाहीर केला. हेतू चांगलाच आहे. पण आई विचारते तो प्रश्न साधा असतो, "बिल किती येणार?"

तर ते आपणच काढू. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यातली सगळी उष्णता विजेच्या भाषेत मोजली तर साधारण १८० युनिट होते. पण ज्योतीची बरीच धग पातेल्याच्या बाजूने उडून जाते, भांड्यात पोचते ती यातली दोन-तृतीयांशच्या आसपास. इंडक्शनमध्ये भांड्याचा तळच तापतो, म्हणून वाया कमी जातं, शंभरातले ८५ भाग तरी कामी येतात. गुणाकार-भागाकार केला की उत्तर येतं: एका सिलिंडरचं काम इंडक्शनवर करायला अंदाजे १४० युनिट लागतात. कॉइलची शेगडी किंवा काचेखाली लाल होणारी इन्फ्रारेड असेल तर दीडशेच्या पुढे.

आता हे १४० युनिट तुमच्या बिलात कुठे जाऊन बसतात, यावर सगळा खेळ आहे. महावितरणचे घरगुती दर पायऱ्यांचे आहेत: पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० त्याहून महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग आणि ५०० च्या वर तर विचारूच नका. इथे एक गैरसमज सगळ्या बिल्डिंगमध्ये फिरत असतो, की ३०० च्या वर एक युनिट जरी गेलं तरी सगळ्या युनिटना चढा दर लागतो. तसं नाहीये. चढा दर फक्त वरच्या युनिटना लागतो. म्हणजे तुमच्या घरी सध्या १२० युनिट येत असतील, तर सिलिंडरचं सगळं काम इंडक्शनवर टाकूनही तुम्ही २६० वर, दुसऱ्याच पायरीवर राहाल. पण घरात एसी असेल आणि मे महिन्यात आधीच २८० येत असतील, तर नवे जवळजवळ सगळे युनिट तिसऱ्या पायरीवर जाणार. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. सिलिंडरची शेवटची पावती आणि हे बिल शेजारी ठेवा, पाच मिनिटांत कळेल. शेजारणीला परवडलं म्हणून आपल्याला परवडेलच असं नाही, कारण तिची पायरी वेगळी असू शकते.

माझं मत विचाराल तर घरातलं सगळं इंडक्शनवर नेण्याच्या फंदात पडूच नका. चहा, दूध, भात, डाळ, अंडी, मॅगी, पास्त्याचं पाणी हे तिकडे ढकला. सिलिंडर पंधरा दिवस जास्त टिकला तरी घरात तुमचं वजन वाढेल. भाकरीला मात्र हात लावू नका. तांदळाची भाकरी फुगते ती ज्योतीवर, आणि परदेशातली आपली माणसंसुद्धा कॉइलवर तारेची जाळी ठेवून फुलके फुगवतात ते नाइलाजाने. मातीचं भांडं, ॲल्युमिनियमचा कुकर, तांब्या-पितळेचं पातेलं इंडक्शनला ओळखूच येत नाही. फ्रिजवरचं मॅग्नेट काढायचं आणि भांड्याच्या तळाला लावायचं. चिकटलं तर चालेल, नाहीतर नाही. आजीचा बिडाचा तवा चालतो, आणि इतका छान चालतो की घावनं काढताना गॅसची आठवण येत नाही. फक्त तळ सपाट हवा.

आणि आता मुद्द्याचं, म्हणजे बेकिंग.

वसईला ओव्हन कुणी शिकवायला नको. १५३४ ते १७३९ एवढी वर्षं इथे पोर्तुगीज होते आणि आपला 'पाव' हा शब्दच त्यांच्याकडून आलाय. पण घरात ओव्हन असणं ही तशी अलीकडची चैन. त्याआधी काय होतं ते घरातल्या मोठ्यांना विचारा. पातेल्यात वाळू तापवून त्यात केकचं भांडं ठेवायचं. किंवा झाकणावर निखारे, खाली निखारे आणि मध्ये केक, म्हणजे वरची आणि खालची रॉडच की! दिवाळीत नानकटाईच्या पिठाचे गोळे पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडून जवळच्या बेकरीच्या भट्टीत न्यायचे आणि तिथे रांगेत उभं राहायचं. मग आला तो ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन, झाकणावर काचेची खिडकी असलेला. अजूनही कितीतरी घरांत तो माळ्यावर आहे. त्याला थर्मोस्टॅट नव्हता. वीज लावली की तो तापतच राहायचा आणि केक झाला हे नाकाने ओळखायचं.

ओटीजी आणि त्या गोल ओव्हनमधला खरा फरक हाच. १८० वर लावलं की आतलं तापमान तिथे पोचतं, रॉड बंद होते, थोडं उतरलं की परत लागते. म्हणून १६०० वॅटचा ओव्हन तासभर चालला तरी मीटरवर १.६ युनिट पडत नाही, साधारण एक पडतं. प्रीहीट धरून एका घाण्याला एक युनिट समजा. एका घाण्यात दोन केक बसले, तर डिसेंबरमध्ये साठ केकची ऑर्डर म्हणजे तीस युनिट. रात्रभर दीड टनाचा एसी लावला तर सात-आठ युनिट जातात. म्हणजे घरात कुणी ओव्हनच्या बिलावरून टोमणा मारलाच, तर एसीच्या रिमोटकडे बोट दाखवायला हरकत नाही.

बिल नाही, पण व्होल्टेज मात्र केकला त्रास देतं. संध्याकाळी ट्यूबलाईट लुकलुकते, पंखा मंदावतो, तेव्हा ओव्हनमध्येही काहीतरी होत असतं. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते (दहावीचं सायन्स, आठवलं?). व्होल्टेज २३० वरून २०० वर आलं, की २००० वॅटचा ओव्हन १५०० च्या आसपास येतो. जवळजवळ पाव ताकद गेली! मग दहा मिनिटांचं प्रीहीट पंधरा मिनिटांवर जातं, दार एकदा उघडलं की उष्णता परत यायला वेळ लागतो आणि केक मध्ये खचतो. रेसिपी तीच, तरी कालचा फुगला आणि आजचा बसला, असं होत असेल तर बेकिंग पावडरला शिव्या देण्याआधी घड्याळ बघा. सकाळी किंवा दुपारी बेक करा. आणि शे-दोनशे रुपये जास्त गेले तरी ओव्हनमध्ये ठेवायचं छोटं थर्मामीटर घ्या, कारण बटणावरचे आकडे आणि आतलं तापमान यांचं नेहमी पटतंच असं नाही. रवा-नारळाच्या बाथला खालची रॉड नीट लागते, वरची शेवटी रंगापुरती. एवढं सांभाळलं की झालं.

रोजच्या स्वयंपाकातही ओव्हनचा उपयोग आहे. शेंगदाणे १६० वर पंधरा मिनिटांत एकसारखे भाजून होतात. चिवड्याचे पोहे मंद आचेवर छान कुरकुरीत होतात, उभं राहून हलवत बसायला नको. भरताचं वांगं होतं, पण धुराचा वास येत नाही, त्यामुळे आई त्याला भरीत म्हणणार नाही. आणि एक कळकळीची विनंती: सुके बोंबील ओव्हनमध्ये भाजू नका. पुढचे तीन व्हॅनिला केक बोंबलाचे होतील.

हे सगळं करताना सिलिंडर परत करू नका, किंवा सोसायटीत पाईपचा गॅस असेल तर तो काढू नका. जुलै २०१८ चा पाऊस आठवतोय ना? वसई-विरार पाण्यात होतं, ट्रेन बंद, वीज बंद. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हाही किती तास अंधारात काढले. अशा वेळी घरात एकुलती एक शेगडी विजेची असेल, तर बिस्किटांवर दिवस काढावा लागेल. घरात तान्हं बाळ किंवा आजारी आजोबा असतील तर हा विचार आधी करायचा, बाकीचा नंतर.

ओव्हन घेऊन चार पैसे कमवायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी अजून थोडं. वसई-विरारमध्ये होम बेकर्सची कमी नाही आणि त्यात आपल्या वयाच्या मुली बऱ्याच आहेत. विकायला केक करायचा तर एफएसएसएआयची नोंदणी लागते, हे बहुतेकींना माहीत असतं. मीटरचं मात्र कुणी सांगत नाही. घराच्या एका भागातून छोटा व्यवसाय केला तर लगेच व्यापारी दर लागेल अशी भीती असते. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२० च्या दर आदेशात यासाठी सोय होती: महिन्याला ३०० आणि वर्षाला ३६०० युनिटच्या आत राहणाऱ्या घरांना अशा व्यवसायासाठीही घरगुतीच दर. आत्ता ही मर्यादा तीच आहे का, ते महावितरणच्या ऑफिसात एकदा विचारून घ्या. मर्यादा तीच असेल, तर घरातला एसी आणि तुमचा ओव्हन एकाच ३०० मध्ये मोजले जाणार, हे लक्षात ठेवा.

भट्ट्यांनाही आता वीज किंवा गॅसचा विचार करावा लागतोय. लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या मुंबईतल्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळावं, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. भट्टीतल्या पावाची चव विजेच्या ओव्हनला येईल का, यावर वसईत दोन तट पडतील. मी भट्टीच्या बाजूने आहे, पण त्या भट्टीपुढे दिवसभर उभं राहणारा माणूस माझ्याशी सहमत असेल असं वाटत नाही.

तर यंदाच्या नाताळला ओव्हन घ्यायचा असेल, तर क्रम असा ठेवा. आधी बिलावरचा मंजूर भार बघा. कमी असेल तर वाढवायचा अर्ज महावितरणच्या वेबसाईटवरून करता येतो. मग वायरमनकडून ओट्याजवळ स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट आणि त्याला वेगळी एमसीबी. मग ओव्हन. आणि वायरमनला गणपती उठले की लगेच गाठा. दिवाळी तोंडावर आली की तो लायटिंगच्या कामांत असतो, आणि नोव्हेंबरपासून तारे नि गोठे सजवायचे म्हणून माणिकपूरपासून आगाशीपर्यंत सगळे त्याच्याच मागे असतात.