‘ॲव्हरेज’ गेले कुठे?

गाडी घ्यायची ठरली की घरात पहिला प्रश्न ठरलेला असायचा: ‘ॲव्हरेज किती देते?’ रंग, सीट, म्युझिक सिस्टीम हे सगळे नंतर. याच प्रश्नाने आपल्याकडच्या मोटारी घडवल्या. आता तो मागे पडला आहे आणि त्याचा भार घरखर्चावर पडतो आहे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. त्याआधी मुंबईकरांची गाडी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी, नाहीतर ॲम्बेसेडर. मारुतीचे इंजिन अवघे ७९६ सीसीचे आणि वजन सुमारे साडेसहाशे किलो. कमी पेट्रोलमध्ये लांब नेणारी ही गाडी मध्यमवर्गाने उचलून धरली. मग इतर कंपन्यांनाही छोट्या, हलक्या गाड्या काढाव्या लागल्या.

पुढे ग्राहक इंधनाचा भाव पाहू लागला. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे मात्र नाही. २०१२ मध्ये दोन्हींत लिटरमागे पंचवीस रुपयांहून जास्त फरक होता. लोकांनी डिझेल गाड्या मागितल्या, कंपन्यांनी त्या दिल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त झाले, ओढ ओसरली आणि एप्रिल २०२० मध्ये मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या.

आता मागणी उंच, दणकट एसयूव्हीची आहे. नव्या मोटारींच्या विक्रीत त्यांचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. मधल्या आकाराची एसयूव्हीसुद्धा बाराशे किलोच्या पुढे जाते. इंजिने नक्कीच सुधारली, पण त्यातून वाचलेले इंधन वाढलेले वजन आणि वाढलेली ताकद खाऊन टाकतात. वजनातली काही वाढ एअरबॅग आणि मजबूत सांगाड्याची आहे, ती हवीच. बाकीची आपल्या हौसेची.

सानपाड्यात राहणाऱ्याला हा फरक रोज कळतो. सायन-पनवेल महामार्गावर वाशी पुलाच्या दिशेने रांग लागली की गाडी थांबते, सुटते, पुन्हा थांबते. प्रत्येक वेळी ते सगळे वजन नव्याने ओढावे लागते. पाम बीच मार्गावर वेग मिळाला, तर उंच गाडीला हवेचा अडथळा जास्त होतो.

सरकारने २०१७ पासून कंपन्यांना त्यांच्या सर्व गाड्यांच्या सरासरी इंधनवापराची मर्यादा घातली आणि २०२२ मध्ये ती कडक केली. पण ही मर्यादा वजनाशी जोडलेली आहे. गाड्या जड, तर मर्यादा थोडी सैल. म्हणजे इथेही शेवटी ग्राहकाचीच निवड चालते.

साधा हिशेब करू. महिन्याला १,००० किलोमीटर फिरणे आहे. लिटरला २० किलोमीटर देणारी गाडी ५० लिटर पेट्रोल पिते, १४ देणारी सुमारे ७१ लिटर. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरले, तर वर्षाला पंचवीस हजारांचा फरक. एवढ्यात मुलांच्या क्लासची फी निघते.

ग्राहकाने आवाज केला की कंपनी ऐकते, याचे ताजे उदाहरण सीएनजी. ईदला म्हसळा-श्रीवर्धनला गावी निघालेल्या कुटुंबाची अडचण एकच: सिलिंडरने डिकी भरलेली, बॅगा ठेवायच्या कुठे? २०२३ मध्ये टाटाने अल्ट्रोझमध्ये दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाखाली बसवून जागा मोकळी केली.

म्हणून शोरूममध्ये जाताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो, रस्त्यावर त्याहून कमीच मिळतो. तोच मॉडेल वापरणाऱ्या शेजाऱ्याला खरा आकडा विचारा. आणि घरात रोज किती माणसे बसणार, ते मोजून गाडी निवडा. वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी रोज जास्तीचे पेट्रोल जाळायचे कशाला?