विश्लेषण : जुने रिव्हॉल्व्हर चालवणाऱ्यालाच का घाबरवायचे?

वेस्टर्न चित्रपटातला नायक क्षणात रिव्हॉल्व्हर भरतो. अमेरिकी यादवी युद्धातल्या (१८६१-६५) सैनिकाला मात्र सुटी दारू भरायची, तर काही मिनिटे लागत. त्यात चूक झाली तर स्वतःच्याच हाताला इजा. असे का?

भरायचे कसे?
सॅम्युअल कोल्ट यांच्या १८५१ च्या ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हरच्या चक्रात सहा कप्पे होते. प्रत्येकात आधी काळी दारू, वर शिशाची गोळी. ती नळीखालच्या दट्ट्याने दाबून बसवायची. कप्प्यामागे स्फोटक रसायनाची तांब्याची टोपी. घोडा टोपीवर आपटला, की ठिणगी आत जाऊन दारू पेटते.

धोका कुठे?
एका कप्प्याची ज्वाळा शेजारच्या कप्प्यात शिरली तर तोही उडतो आणि त्याच्यासमोर नळी नसते! म्हणून गोळी कप्प्यापेक्षा किंचित मोठी घेतात. दाबताना शिशाची बारीक कडी सोलून निघाली, म्हणजे कप्पा घट्ट बंद झाला. वरून चरबी लावतात. मागची टोपी सैल असणेही धोक्याचेच.

साफसफाई केव्हा?
त्याच दिवशी. काळ्या दारूची काजळी ओलावा ओढते. गरम साबणपाण्याने धुऊन, वाळवून तेल लावले नाही तर गंज चढतो.

हे मागे कसे पडले?
आरपार कप्प्यांच्या चक्राचे रॉलिन व्हाइट यांचे पेटंट १८६९ मध्ये संपले. १८७३ मध्ये कोल्ट कंपनीने धातूच्या काडतुसांचे प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर आणले. आज हौशी नेमबाज जुन्या रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती चालवतात. नियम मात्र तेच.