फिरतोय, पण तापत नाही

"आई, ड्रायर बिघडला वाटतं. रात्री तासभर फिरला, तरी दुपटी ओलीच!"

ऑफिसला निघता निघता सूनबाईने दारातूनच सांगितलं आणि ती लिफ्टमध्ये शिरली. बाहेर जुलैचा धो धो पाऊस, घरात सात महिन्यांचं बाळ आणि मोरीत बादलीभर दुपटी, झबली, लंगोट.

खरं सांगू का मैत्रिणींनो, मनातून मला थोडं बरंच वाटलं. कारण हा ड्रायर घरात आला तेव्हाच मी म्हटलं होतं, "वारा फुकट मिळतो, त्याला मशीन कशाला?"

माझं माहेर गिरगावचं. चाळीच्या गॅलरीत उंच दोऱ्या, काठीने कपडे वर टाकायचे. पावसाळ्यात त्याच दोऱ्या खोलीत यायच्या आणि येता-जाता ओलं पातळ तोंडाला लागायचं. घरात तान्हं बाळ असलं की शेगडीत निखारे, वर बांबूची टोपली उपडी आणि तिच्यावर दुपटी पसरलेली. ती वाळेपर्यंत आई तिथून हलायची नाही. लग्न होऊन लालबागला आले, तिथेही दहा बाय बाराच्या खोलीत हेच. आता त्या चाळीच्या जागी टॉवर झालाय. आम्ही चौदाव्या मजल्यावर. पण खिडकीबाहेर कपडे वाळत घालायला सोसायटीची बंदी! म्हणून सुनेने हप्त्यांवर हा ड्रायर घेतला.

आधी एक सांगते. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या दुसऱ्या टबालाही आपण ड्रायरच म्हणतो. तो तापत नाही आणि तापायचाही नसतो. तो नुसता गरगर फिरवून पाणी पिळून काढतो. आमचा हा वेगळा. यात हीटर असतो, पंखा असतो. गरम हवा ड्रममधल्या कपड्यांतून जाते आणि त्यांचं पाणी घेऊन मागच्या जाड पाइपातून बाहेर पडते. ड्रम आणि पंखा मोटरवर चालतात, हीटरची वाट वेगळी. त्यामुळे हीटर बंद पडला तरी मशीन आपलं मजेत फिरत राहतं.

दुपारी मेकॅनिक आला. तरुण पोरगा, हाताला चपळ. मागचं पत्र्याचं झाकण काढून पाच मिनिटांत म्हणाला, "काकू, थर्मल फ्यूज उडालाय. मागवायला आठवडा लागेल. तोवर डायरेक्ट करून देतो, लगेच तापेल."

"म्हणजे?"

"फ्यूजच्या जागी वायर जोडायची. काही होत नाही, सगळे करतात."

आठवडाभर ओली दुपटी! मी 'कर बाबा' म्हणणारच होते, तेवढ्यात पेपर बाजूला ठेवून आमचे हे उठले. "फ्यूज उडाला कशाने, ते सांग आधी," यांनी विचारलं. तो गप्प. यांनी दारातली जाळी ओढून बाहेर काढली. तिच्यावर राखाडी कापसाचा बोटभर थर! मग बॅटरी घेऊन मागे वाकून पाहिलं. पाइप भिंतीला चेपून चपटा झालेला आणि आतही तोच कापूस.

हे गिरणीत कार्डिंग खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर त्या खात्यात यांचं पाऊल पुन्हा पडलं नाही. पण बोटांना तो कापूस अजून ओळखू येतो. चिमटीत पुंजका धरून म्हणाले, "आमच्याकडे हा दिव्यांवर, पाइपांवर, माणसांच्या भुवयांवरही बसायचा. एक ठिणगी पडली की अशी धावायची, की माणूस मागे राहायचा. रोज झाडून काढायचे ते उगीच नाही." आणि त्या पोराला म्हणाले, "डायरेक्ट करू नकोस. घरात लहान मूल आहे."

दुसऱ्या दिवशी आमचा जुना वायरमन आला. त्याने आधी प्लग काढला, मग मीटर लावून एकेक भाग तपासला. हीटरने सव्वीस ओहमच्या आसपास दाखवलं. दोन हजार वॅटच्या हीटरला एवढंच हवं, म्हणजे तो ठणठणीत. फ्यूजपाशी मात्र काटा हललाच नाही. त्याने समजावलं, "हवा बाहेर पडायला वाट नाही, म्हणून आत उष्णता कोंडली. आग लागण्याआधी या फ्यूजने हीटर तोडला. म्हणजे मशीन बिघडलं नाही वहिनी, त्याने तुम्हाला वाचवलं. पण तोच नंबर, तेच तापमान लिहिलेला फ्यूज बसवायचा. आणि वाट मोकळी केली नाहीत, तर तोही उडेल."

आता मला कबूल केलंच पाहिजे. ड्रायर आला त्या दिवशी सुनेने सांगितलं होतं, "आई, दर वेळी जाळी साफ करायची हं." मी 'हो हो' म्हटलं आणि सोडून दिलं. तिच्या मशीनची हमाली मी का करू, असा एक आढ्यताखोर विचार होताच मनात. आणि मशीन भिंतीला ढकललं कोणी? मीच. माझा पापडांचा डबा पुढे मावावा म्हणून.

फ्यूज येईपर्यंत पाच दिवस गेले. रात्री अकराला ऑफिसचं काम आवरून सून एकेक लंगोट इस्त्रीने सुकवत होती. तिसऱ्या रात्री मला राहवेना. तिच्याजवळ बसले, सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडेल. ती एवढंच म्हणाली, "आई, मला ते मशीन हौसेला नको होतं. झोपायला तास मिळावा म्हणून हवं होतं." मी इस्त्री तिच्या हातून घेतली.

तुमच्याकडे असं झालं, तर घाबरू नका. आधी 'थंड हवा'चं बटण चुकून दाबलं गेलं नाही ना, पाहा. जाळीवर पाणी ओता. पाणी वर थांबलं, तर सॉफ्टनरचा पापुद्रा बसलाय समजा. साबण आणि जुन्या टूथब्रशने घासून जाळी पूर्ण वाळवा. पाइप मोकळा हवा आणि त्याचं तोंड बंद बाल्कनीत नको. कपडे आधी चांगले पिळलेले हवेत. एक लिटर पाण्याची वाफ करायलाच दोन-तृतीयांश युनिटच्या आसपास ऊर्जा जाते. प्लग सोळा अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावा, एक्स्टेंशन बोर्ड नको. एवढं करून तापलं नाही, तर मीटर असलेला माणूस बोलवा. 'डायरेक्ट' म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा!

आणि बाळाच्या मालिशचे तेलकट पंचे ड्रायरमध्ये अजिबात घालू नका. तेल मुरलेलं कापड गरम गरम गठ्ठ्यात राहिलं, तर आपोआप पेट घेऊ शकतं. शेवटची थंड फेरी त्यासाठीच असते. ती मध्येच तोडू नका. घराबाहेर जाताना किंवा झोपताना मशीन चालू ठेवू नका. आई शेगडीपासून हलायची नाही, ते मला आता कळतंय.

पापडांचा डबा आता माळ्यावर गेलाय. जाळी साफ करायचं काम यांनी स्वतःकडे घेतलंय. रोज दुपारी तो राखाडी पुंजका हातात घेऊन मला दाखवतात, "बघ, आजचा माल!" आणि ड्रममधून काढलेलं कोमट दुपटं मी बाळाभोवती गुंडाळते.