एका राजाची ४२,०८८ काडतुसे

९ जुलै १७७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा न्यूयॉर्कमध्ये वाचून दाखवला गेला आणि त्याच संध्याकाळी जमावाने राजा तिसऱ्या जॉर्जचा अश्वारूढ पुतळा दोर लावून खाली ओढला. पुतळा शिशाचा, वर सोन्याचा मुलामा. त्याचे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफिल्ड गावी, पुढारी ऑलिव्हर वोल्कॉट यांच्या घरी पोहोचले. तिथे घरच्या आणि शेजारच्या बायका-मुलांनी ते शिसे वितळवले, साच्यांत ओतले आणि काडतुसे बांधली. कोणी किती केली याची यादीही ठेवली गेली. वोल्कॉट यांची मुलगी मेरी अ‍ॅन हिच्या नावावर १०,७९०, आठ-नऊ वर्षांचा मुलगा फ्रेडरिक याच्या नावावर ९३६, सगळ्यांची मिळून ४२,०८८!

घरी गोळ्या ओतायची ही रीत अमेरिकेत आजही जिवंत आहे. आता तो नेमबाजांचा छंद आहे आणि त्याचा सगळा जीव एका चिमटेवजा वस्तूत असतो: साचा. तो निवडायचा कसा, या एका प्रश्नामागे केवढा खजिना दडलाय पाहा.

बंदुकीसोबत साचा फुकट

अठराव्या शतकात अमेरिकी कारागीर रायफल हाताने घडवत. दोन नळ्या सारख्या निघत नसत, त्यामुळे गिऱ्हाइकाला रायफलीबरोबर तिच्याच मापाचा साचाही मिळे. पुढे सॅम्युअल कोल्टच्या रिव्हॉल्व्हरच्या पेटीतही साचा असायचाच. त्यात दोन पोकळ्या: एक गोल गोळीची, दुसरी टोकदार गोळीची.

मापाची जुनी पद्धतही शिशाचीच. बारा बोअरची बंदूक म्हणजे काय? जिच्या नळीत नेमक्या बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात, ती बारा बोअर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते.

साच्यावरचा आकडा

लायमन कंपनीच्या एका प्रसिद्ध साच्यावर ४२९४२१ असा क्रमांक आहे. पहिले तीन अंक गोळीचा व्यास सांगतात: ०.४२९ इंच. उरलेले तीन अंक नमुन्याचे. ही गोळी १९२०च्या दशकाच्या अखेरीस आखली एल्मर कीथ या आयडाहोमधल्या गुराख्याने. आपल्या .४४ स्पेशल रिव्हॉल्व्हरमधून जड गोळी जोरात मारायचा त्याला ध्यास होता. त्याच्या आग्रहातूनच १९५५ साली .४४ मॅग्नम जन्माला आले. एका गुराख्याने आखलेला गोळीचा नमुना शंभरीकडे चाललाय आणि अजून विकला जातोय, याचे मला फार कौतुक वाटते.

आता इथेच नवखा माणूस फसतो. .४४ची गोळी ०.४४ इंचांची नाही, ०.४२९ची. .३८ स्पेशलची गोळीही ०.३८ नव्हे, ०.३५७ ते ०.३५८ इंच. सुरुवातीच्या काडतुसांत गोळी पितळी पुंगळीच्या बाहेरच्या मापाची असे. पुढे ती पुंगळीच्या आत बसू लागली, अंगाने बारीक झाली, पण नाव जुनेच राहिले. म्हणून मुरलेले ओतणारे नावावर विसंबत नाहीत. मऊ शिशाचा गोळा रिकाम्या नळीतून हलक्या हाताने ठोकत पार करतात, त्यावर उमटलेले माप मायक्रोमीटरने घेतात आणि शिशाची गोळी त्याहून एक-दोन हजारांश इंच जाड राहील असा साचा शोधतात. गोळी सैल बसली तर मागचा तप्त वायू कडेने निसटतो आणि नळीत शिशाची पुटे चढतात. साचा निवडण्याच्या कामात हे मोजमाप पहिले. आकार, कंपनी, किंमत हे सगळे त्यानंतर.

वजनाची गंमत तर थेट आपल्या सराफ्यात पोहोचते. गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात, ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड. १८३३ साली ईस्ट इंडिया कंपनीने तोळा ठरवला तो १८० ग्रेनचा, म्हणजेच ११.६६ ग्रॅमचा. आणि .४० एस अँड डब्ल्यू या पिस्तुलाच्या काडतुसात सर्रास असते ती १८० ग्रेनची गोळी. चोख एक तोळा!

बीड, पितळ की अ‍ॅल्युमिनियम?

बिडाचा साचा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण गंजतो. अ‍ॅल्युमिनियमचा हलका आणि स्वस्त. तो लवकर तापतो, पण धसमुसळेपणा सोसत नाही. पितळेचा उष्णता धरून ठेवतो आणि हाताला जड लागतो. एकाच साच्यात सहा पोकळ्याही मिळतात. गोळ्या भराभर पडतात, पण तेवढा साचा तासभर उचलून मनगट भरून येते. पहिलाच साचा असेल तर दोन पोकळ्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा घ्यावा, हे माझे स्पष्ट मत.

साचा थंड असला की गोळीवर सुरकुत्या पडतात, फार तापला की ती पांढुरकी, खरखरीत निघते. साच्याच्या डोक्यावर सरकती पट्टी असते. ओतल्यावर तिच्यावर शिशाचे छोटे तळे साचते, क्षणभर चकाकते आणि पाहता पाहता निस्तेज होते. तो क्षण गाठून पट्टीला लाकडी दांडक्याचा ठोका द्यायचा. शेपूट तुटते, साचा उघडतो, गोळी मऊ फडक्यावर पडते.

आकाराचे म्हणाल तर कागदी लक्ष्यासाठी सपाट तोंडाची वॉडकटर गोळी लोकप्रिय. ती कागदात पंच मारल्यासारखे स्वच्छ गोल भोक पाडते आणि गुण मोजताना वाद उरत नाही. काही पिस्तुलांना मात्र शिसेच वर्ज्य: नुसत्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असे ग्लॉक कंपनी माहितीपत्रकातच बजावते.

छापखान्यातला चुलतभाऊ

गोळ्या ओतणाऱ्यांचे लाडके भंगार कोणते? बंद पडलेल्या छापखान्यांतला, लायनोटाइप या अक्षरे ओतणाऱ्या यंत्राचा धातू! त्यात साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील. अँटिमनीने कडकपणा येतो. कथील, म्हणजे कल्हईवाल्याकडचेच कथील, धातूला साच्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचवते. शिसे वितळते ३२७ अंशांना, अँटिमनी ६३०ला, पण हे मिश्रण सुमारे २४० अंशांनाच पातळ होते. अक्षराची धार जशीच्या तशी उठावी म्हणून निवडलेला धातू गोळीची कडही तितकीच रेखीव उठवतो.

मराठी छपाई दीडशे वर्षे ज्या खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर चालली, तेही शिसे, अँटिमनी आणि कथिलाचेच. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे याच घराण्यातले. आणि १८६७ साली मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे लंडनला जाऊन काय बनवत होते? खिळे झपाट्याने ओतणारे यंत्र, भिसोटाइप! साचा, वितळलेला धातू, पोकळी, हे सगळे तेच. फक्त बाहेर पडायचे ते अक्षर. भिशांचे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत ठळक हवे होते.

लायनोटाइप संपत आल्यावर टायरच्या तोलासाठी चाकाला लावतात ती शिशाची वजने आधाराला आली. पण पर्यावरणाच्या कारणाने कॅलिफोर्नियाने २०१० पासून तीही बंद केली. त्यांच्या जागी जस्त आले आणि ते चुकून भांड्यात पडले तर सगळा घाणा बिघडतो.

पाण्याचा एक थेंब

वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब सापडला तर क्षणात वाफ होते आणि भांड्यातला धातू छतापर्यंत उडतो. अमेरिकेतले ओतारी याला ‘टिन्सेल फेअरी येऊन गेली’ म्हणतात. नाव गोड, भाजणे भयंकर. त्याहून मोठा धोका डोळ्यांना दिसतच नाही: शिशाची धूळ आणि वर जमणारी मळी हातातून तोंडात जाते. म्हणून हे काम स्वयंपाकघरात कधीच नाही, ते भांडे पुन्हा अन्नाला नाही, आणि लहान मुले जवळ नाहीत. वोल्कॉट यांच्या घरातल्या मुलांना हे सांगायला कोणी नव्हते.

साच्याविना गोळी

ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स या प्लंबरने १७८२ साली पेटंट घेतले: वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून सोडा, थेंब पडता पडता आपोआप गोल होतो, खाली पाण्यात थिजतो. छर्रे तयार! त्यासाठी त्याने स्वतःच्या घरावरच मनोरा चढवला. असाच ५० मीटर उंचीचा जुना मनोरा मेलबर्नच्या मेलबर्न सेंट्रल या मॉलमध्ये काचेच्या शंकूखाली जपलाय. तिकडच्या मराठी मंडळींनी खरेदीच्या गडबडीत मान वर करून तो जरूर पाहावा.

आणि साच्याचा वडीलधारा? प्राचीन ग्रीक गोफणीचा! गोफणगुंडेही शिशाचे ओतत आणि साच्यातच उलटी अक्षरे कोरून त्यांवर शत्रूला निरोप उमटवत. ब्रिटिश म्युझियममध्ये इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला असा एक गुंडा आहे. एका बाजूला पंख असलेले वज्र, दुसरीकडे एकच शब्द: ‘झेल!’

शेवटी थोडे कायद्याचे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायची तर लागतो. आपल्याकडे कायदा अगदी वेगळा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही दारूगोळ्यातच मोडते, आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे. तेव्हा इथल्या वाचकांनी हे साचे वस्तुसंग्रहालयाच्या काचेआडच पाहावेत.