सर्व्हरला साहेब ओळखू येत नाहीत

अतिवृष्टीत पीक गेले की तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनामा करतात. बाधितांची यादी संगणकावर चढते, तहसीलदारांच्या लॉगिनमधून मंजूर होते, शेतकऱ्याला व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक) मिळतो आणि सहसा ई-केवायसीनंतर अनुदानाचे पैसे खात्यात जमा होतात. 2022 ते 2024 या काळातल्या याच अनुदानात जालना जिल्ह्यातील अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत कोट्यवधींचा अपहार झाल्याचे प्रकरण गाजले. बोगस नावे घुसवण्यासाठी तहसीलदारांचे लॉगिन आणि पासवर्ड वापरले गेले, असा आरोप आहे. दोषी कोण, ते न्यायालय ठरवेल. पण आरोप खरा धरला, तर सर्व्हरने अडवले कसे नाही?

कारण सर्व्हर दोनच गोष्टी तपासतो: आलेला कोण आणि त्याला काय करायची मुभा आहे. पहिलीचे उत्तर पासवर्डवरून मिळते, दुसरीचे त्या खात्याला दिलेल्या परवानग्यांवरून. खुर्चीत कोण बसले आहे, हे त्याला दिसत नाही. युनिक्स प्रणालीत तर प्रत्येक खाते म्हणजे एक क्रमांक. प्रशासकाचा क्रमांक शून्य, आणि त्याला फाइलींच्या नेहमीच्या परवानग्या आडव्या येत नाहीत.

या परवानग्या कशा वाटाव्यात, याची दोन तत्त्वे जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी 1975 मध्येच मांडली होती. ज्याला कामापुरती जेवढी परवानगी लागते, तेवढीच द्यावी. आणि जोखमीचे काम एकट्याच्या हाती ठेवू नये. यादी एकाने करायची, मंजुरी दुसऱ्याने द्यायची, ही पद्धत दुसऱ्या तत्त्वावरच उभी आहे. पासवर्ड वाटला की तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात येतात.

पासवर्ड वाटला जातो तो बहुधा घाईत. पडद्यावर ‘परवानगी नाही’ असे येते आणि काम अडते. अशा वेळी आधी पाहावे, आपण योग्य खात्यातून आत आलो आहोत का. मग ते खाते कोणत्या गटात आहे, ते तपासावे. विंडोजमध्ये गट बदलला, तरी बाहेर पडून पुन्हा लॉगिन केल्याशिवाय नवी मुभा सहसा लागू होत नाही, कारण खात्याच्या गटांची यादी लॉगिनच्या क्षणी तयार होते. एका गटाने होकार आणि दुसऱ्याने स्पष्ट नकार दिला असेल, तर सहसा नकारच चालतो. खाते प्रशासकाचे असले तरी विंडोज व्हिस्टापासून प्रोग्राम सहसा साध्या अधिकारांनीच सुरू होतात. वरचे अधिकार वेगळी संमती देऊन घ्यावे लागतात. अनेक अडचणी इथेच सुटतात. सगळे अधिकार देऊन टाकणे हा उपाय नव्हे.

उसन्या लॉगिनचा आणखी एक तोटा आहे. सर्व्हरच्या नोंदीत नाव उमटते ते खातेदाराचे. त्यामुळे खरा हात शोधणे अवघड होते आणि पासवर्ड देणाऱ्यालाच आधी जाब द्यावा लागतो. साहेब रजेवर असतील, तर ज्याच्याकडे पदभार आहे त्याच्या स्वतःच्या खात्याला ठरावीक मुदतीची मंजुरीची मुभा द्यावी आणि मुदत संपताच ती काढून घ्यावी. काम थांबत नाही, आणि कोणत्या यादीवर कोणी शिक्का मारला, हे वर्षांनंतरही सांगता येते.